तेलात पाणी

चार सिलिंडरच्या साध्या मोटार इंजिनाचं हेड उतरवून टेबलावर उलटं ठेवलं की बोल्टांची भोकं सोडून त्यावर तीन प्रकारची भोकं दिसतात. चार मोठे गोल खळगे ज्वलनकक्षांचे. त्यांच्याभोवती लांबट, वाकडीतिकडी भोकं कूलंटची. आणि कडेला कुठेतरी एखादं-दुसरं, पेन्सिल जेमतेम जाईल एवढं, ऑइलचं. या तिघांना एकमेकांपासून वेगळं ठेवायचं काम हेड पॅकिंगचं, म्हणजे हेड गॅस्केटचं. त्याची जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास. पूर्ण जोर लावला की पेट्रोल इंजिनाच्या ज्वलनकक्षातला दाब ६०-७० बारच्या पुढे जातो, आजच्या डिझेल इंजिनात १५० च्या पुढे. गाडी वेगात असताना ऑइलचा दाब ३ ते ५ बार. कूलंट या तिघांत सर्वांत गरीब. रेडिएटरची टोपी साधारण १ बारच्या पुढे दाब साठू देत नाही.

हे आकडे पाहिले की वाटतं, गळती झालीच तर ऑइल कूलंटमध्ये जाईल. कूलंट ऑइलमध्ये जाईलच कसं? चालू इंजिनात बहुतेक वेळा तसंच होतं. कूलंटच्या बाटलीत तेलकट साय तरंगते आणि गाडीवाला घाबरतो. पण इंजिन बंद केल्यावर हिशोब उलटतो. ऑइल पंप थांबतो, ऑइलचा दाब काही सेकंदांत शून्यावर येतो. कूलंट मात्र अजून उकळीच्या जवळ असतं, टोपी बंद असते, आणि आतला दाब बराच वेळ टिकून राहतो. आता बलवान कोण? ज्या चिरेतून दिवसभर ऑइल बाहेर ढकललं जात होतं, त्याच चिरेतून कूलंट ऑइलच्या वाटेत शिरतं आणि खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात, उतरतं.

म्हणून ऑइलमध्ये पाणी येण्याची वेळ बहुधा गाडी उभी असतानाची. कूलंट ऑइलपेक्षा जड, त्यामुळे रात्रभरात ते चेंबरच्या तळाशी बसतं. ऑइल पंपाची जाळीही तळाशीच असते. सकाळी स्टार्टर मारला की पंपाचा पहिला घोट पाण्याचा. बेअरिंगवरचं कालचं ऑइल ओघळून गेलेलं असतं आणि इंजिनाला ताज्या ऑइलची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच वेळी पंप पाणी पाठवतो. जुने मेस्त्री याचाच उपयोग करून निदान करतात. गाडी रात्रभर उभी ठेवायची, सकाळी स्टार्ट न करता चेंबरचा नट थोडा सैल करायचा. आधी हिरवं किंवा गुलाबी पाणी ठिबकलं आणि मग काळं ऑइल आलं, तर पुढची चर्चा कारण शोधण्याची. पाणी आहे की नाही याची नव्हे. एकदा इंजिन फिरलं की दोन्ही घुसळली जातात. गॅरेजमध्ये तेव्हा म्हणतात, ऑइलची कॉफी झाली.

पण कॉफीसारखं दिसतं ते सगळं कूलंट नसतं, हे इथेच सांगून टाकतो, कारण या गैरसमजापायी चांगली हेडं उतरवली गेली आहेत. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाण्याची वाफ तयार होते. एक किलो सीएनजी जळला की सव्वादोन किलो. बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे जाते, थोडी पिस्टन रिंगांच्या कडेने निसटून चेंबरमध्ये येते. इंजिन नीट तापलं तर ती उडून जाते. पण पावसाळ्यात किंवा थंडीत, घर ते स्टेशन आणि स्टेशन ते घर एवढंच ज्या गाडीचं आयुष्य, तिच्या ऑइल भरण्याच्या टोपीखाली पिवळट साय धरते. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ आहे, ऑइलची पातळी वाढलेली नाही, कूलंटची बाटली महिनाभर जिथल्या तिथे आहे. मग एकदा तासभर सलग गाडी चालवा आणि टोपी पुसून पुन्हा पाहा. खऱ्या गळतीत पातळी बोलते: एका बाजूला कूलंट कमी होतं, दुसऱ्या बाजूला डिपस्टिकवरची रेघ वर चढते.

आता वाटा. हेड पॅकिंग सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्याच्यावर आळही पटकन येतो. बऱ्याच इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं असतं. ४० सेंटिमीटर लांबीचं अॅल्युमिनियमचं हेड ८० अंशांनी तापलं तर पाऊण मिलिमीटरच्या आसपास वाढू पाहतं. तेवढ्याच लांबीचा बिडाचा ब्लॉक त्याच्या निम्म्यानेच. हा फरक प्रत्येक तापण्या-निवण्याला पॅकिंगला सोसावा लागतो. ते त्यासाठीच बनवलेलं असतं आणि वर्षानुवर्षं सोसतं. पण घाटात पंख्याची मोटर बंद पडली, काट्याकडे लक्ष गेलं नाही, गाडीने हीट मारली, की अॅल्युमिनियम नुसतं वाकत नाही, ते मऊही पडतं. मग बोल्टांची पकड जिथे कमी, तिथे पॅकिंग उडतं. डिझेल इंजिनात दोन व्हॉल्व्ह सीटांच्या मधल्या अरुंद पट्टीत हेडलाच चीर जाते, आणि नवं पॅकिंग बसवूनही पाणी जाणं थांबत नाही.

दुसरी वाट ऑइल कूलरची, आणि मला विचाराल तर सर्वांत आधी शंका इथेच घ्यावी. बऱ्याच गाड्यांत, विशेषतः डिझेलच्या, ऑइल फिल्टरच्या पायाशी पातळ पत्र्यांच्या थरांचा एक लहानसा डबा असतो. एका थरातून ऑइल, शेजारच्यातून कूलंट. पत्रा गंजला किंवा सील कडक झालं की दोन्ही मिसळतात. अशा वेळी गाडी हीट मारत नाही, पांढरा धूर येत नाही, कॉम्प्रेशन उत्तम असतं. लक्षण एवढंच: ऑइलची कॉफी किंवा कूलंटच्या बाटलीत तेलकट साय. आणि तरी कित्येकदा पहिल्याच दिवशी हेड उतरतं. हेडचं काम होतं, बिल होतं, आणि आठवड्याभरात ऑइल पुन्हा दुधाळ. ऑइल कूलर काढून एक तोंड बंद करून, पाण्याच्या टबात बुडवून दुसऱ्या तोंडातून हवा भरायला फार वेळ लागत नाही. बुडबुडे आले तर निकाल हातात आला.

ट्रकची गोष्ट वेगळी. मोठ्या डिझेल इंजिनांत अनेकदा वेट लायनर असतात, म्हणजे सिलिंडरची नळी थेट कूलंटमध्ये उभी असते आणि तिच्या खालच्या टोकाला रबरी ओ-रिंगा पाणी अडवतात. ओ-रिंग गेली की कूलंट सरळ चेंबरमध्ये. पण लायनर स्वतःही भोकं पाडून घेतो. पिस्टनच्या धक्क्याने नळी थरथरते, तिच्या बाहेरच्या पृष्ठभागाजवळ कूलंटमध्ये बारीक बुडबुडे तयार होतात आणि फुटतात, आणि प्रत्येक फुटणारा बुडबुडा धातूचा कण उपटतो. कूलंटमधली नायट्राइटसारखी रसायनं लायनरवर संरक्षक थर धरून ठेवतात. ढाब्यावर थांबून बोअरचं पाणी ओतत राहिलं तर ही रसायनं पातळ होत जातात, वर क्षार साचतात, आणि एक दिवस लायनरला टाचणीएवढं भोक आरपार जातं. ‘पाणीच तर घातलं’ असं म्हणणाऱ्या ड्रायव्हरला ते भोक दाखवलं तरी पटत नाही.

काही वाटा इंजिन बनवणाऱ्यांनीच आखून ठेवलेल्या असतात. वॉटर पंपाच्या शाफ्टपाशी एक छोटं भोक ठेवतात, सील गेलं की तिथून थेंब बाहेर पडून जमिनीवर दिसावा म्हणून. पण पंप टायमिंग चेनच्या कव्हरच्या आत बसवला की सील जोरात गेल्यावर पाण्याला चेंबर जवळचं. फोर्डच्या ३.५ लिटर व्ही-६ इंजिनाच्या एका रचनेत असंच आहे. जनरल मोटर्सच्या ३.१ आणि ३.४ लिटर व्ही-६ इंजिनांची गोष्ट तर अमेरिकेत गाजली. सिलिंडरांच्या दोन ओळींच्या मधल्या खोबणीवर इनटेक मॅनिफोल्ड बसायचा, त्याचं पॅकिंग प्लास्टिकच्या चौकटीचं. ते गळलं की कूलंट त्या खोबणीत, आणि तिथून सरळ खाली चेंबरमध्ये. हीट नाही, धूर नाही. मालकाला अनेकदा पहिली बातमी बेअरिंगच्या ठोक्यानेच कळायची. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून ही कंपनी डेक्स-कूल नावाचं नारिंगी कूलंट भरत होती. दोष पॅकिंगचा की कूलंटचा, यावर बरंच भांडण झालं, सामूहिक दावे लागले आणि शेवटी कंपनीने तडजोड केली.

इंग्लंडात रोव्हरचं के-सीरिज इंजिन, १९८० च्या दशकाच्या शेवटी आलेलं, याच आजारासाठी बदनाम झालं. हलकं, देखणं इंजिन. हेडपासून खालच्या बेअरिंगच्या चौकटीपर्यंत आरपार जाणारे लांब बोल्ट, कूलंटचं प्रमाण अगदी कमी, आणि हेड जागेवर धरायला सुरुवातीला प्लास्टिकच्या खुंट्या. कूलंट थोडंसं कमी झालं तरी हेड तापायचं, सरकायचं, आणि पॅकिंगवरची रबरी कड सुटायची. पुढे अनेक थरांच्या पोलादी पत्र्याचं पॅकिंग आणि पोलादी खुंट्या आल्या, पण तोवर नाव गेलं होतं. एमजी रोव्हर २००५ मध्ये बुडाली. याच कंपनीने २००३ पासून ‘सिटीरोव्हर’ या नावाने विकलेली छोटी गाडी म्हणजे पुण्यात तयार झालेली टाटा इंडिका. तिच्यात मात्र के-सीरिज नव्हतं, टाटांचंच १.४ लिटरचं इंजिन होतं.

पाणी ऑइलमध्ये गेलं, आता ते तिथे करतं काय? नुसतं पाणी असतं तर गोष्ट बरीच सोपी होती. इंजिन तापल्यावर ऑइल ९० ते ११० अंशांवर असतं, पाणी हळूहळू वाफ होऊन निघून जातं. पण कूलंटचा जवळजवळ निम्मा भाग इथिलीन ग्लायकॉल असतो आणि ते उकळतं १९७ अंशांवर. पाणी गेलं तरी ग्लायकॉल चेंबरमध्येच मुक्काम ठोकतं. गरम ऑइलमध्ये हवेशी संयोग होऊन त्याची आम्लं होतात: ग्लायकॉलिक, फॉर्मिक, ऑक्झॅलिक. ही आम्लं बेअरिंगमधलं शिसं आणि तांबं खातात. दुसरीकडे ग्लायकॉल ऑइलमधल्या रसायनांशी, म्हणजे झीज रोखणाऱ्या झिंकच्या आणि इंजिन स्वच्छ ठेवणाऱ्या कॅल्शियमच्या संयुगांशी, भिडतं आणि त्यांच्या बारीक चिकट गोळ्या बनवतं. तेलतज्ज्ञ त्यांना ‘ऑइल बॉल’ म्हणतात. या गोळ्या फिल्टर तुंबवतात. फिल्टर तुंबला की त्यातला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल सरळ क्रँककडे जातं. म्हणजे पाणी उडून गेल्यावर ऑइल पुन्हा काळंभोर, दिसायला ठीकठाक झालं, तरी आत ते बिघडत चाललेलं असतं. ‘दोन दिवस चालवली, आता ऑइल साफ दिसतंय’ हे वाक्य म्हणूनच भरवशाचं नाही.

खरा मार बेअरिंगवर बसतो. क्रँकचा जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, आणि बेअरिंगचं शेल यांच्यात काही शतांश मिलिमीटरची फट असते, आणि जोर येतो तिथे त्या फटीत ऑइलचा थर उरतो काही मायक्रॉनचा. धातू धातूला लागू न देण्याचं सगळं काम त्या थराचं. त्यात पाण्याचा थेंब आला तर जोराच्या जागी त्याला थर धरता येत नाही. आणि जोर सरल्याबरोबर, शंभराच्या वर तापलेला तो थेंब एकदम वाफ होतो आणि शेलच्या पृष्ठभागाला ठोकतो. शेल पोलादी पत्र्याचं, त्यावर तांबं-शिसं किंवा अॅल्युमिनियम-कथिलाचा थर, आणि अनेक इंजिनांत सर्वांत वर वीसेक मायक्रॉनचा मऊ लेप. हा लेप गेला आणि खालचं तांबूस दिसू लागलं, की शेलचं आयुष्य संपत आलं असं समजायचं.

या प्रकरणात मला एवढंच सांगायचं आहे: पाणी कुठून आलं, यावर दुरुस्तीचा खर्च ठरत नाही, पाणी आल्यावर इंजिन किती चाललं, यावर ठरतो. कूलरचं सील स्वस्त असतं आणि फुटलेलं हेड महाग असतं, हे खरं. पण स्वस्त सील गेल्यावर आठशे किलोमीटर चाललेलं इंजिन भंगारात जाऊ शकतं, आणि हेडला चीर गेल्यावर जागच्या जागी बंद केलेलं इंजिन पुढे आणखी लाख किलोमीटर चालू शकतं. डिपस्टिकवर कॉफी दिसल्यावर ‘गॅरेज चारच किलोमीटरवर आहे, हळू नेतो’ असं म्हणणारा माणूस ते चार किलोमीटर क्रँकवर काढतो. टोचन करून न्या. टोचनचे पैसे क्रँक ग्राइंडिंगच्या मानाने किरकोळ असतात.

निदानासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. डिपस्टिकवरचा एक थेंब दीडशे अंशांच्या वर तापलेल्या पत्र्यावर टाकला आणि तो तडतडला, तर ऑइलमध्ये पाणी आहे. हजारात एक भाग असलं तरी तडतडतं. पण ग्लायकॉल राहून पाणी उडालेलं असेल तर ही परीक्षा फसते. रेडिएटरला हातपंप लावून १ बार दाब भरून ठेवायचा, काटा उतरतो का पाहायचं, आणि चेंबरचा नट काढून खाली काही ठिबकतं का तेही पाहायचं. कूलंटच्या बाटलीतली हवा निळ्या द्रवातून ओढायची. द्रव पिवळा पडला तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येतोय, म्हणजे बोट हेडकडे. निळाच राहिला तर हेडवरचा संशय कमी होतो. ट्रकचे आणि मशिनरीचे ताफे बाळगणारे ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे नुसतं पाणी शोधत नाहीत, सोडियम आणि पोटॅशियमही शोधतात. कूलंटमधले गंजरोधक क्षार ऑइलमध्ये मागे राहतात, पाणी केव्हाच उडून गेलं तरी. ही विद्या रेल्वेची. अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँडे वेस्टर्न रेल्वेने १९४६ च्या सुमारास डिझेल इंजिनांचं वापरलेलं ऑइल वर्णपटाने तपासून आतला बिघाड ओळखायला सुरुवात केली. आपल्याकडेही डिझेल शेडमध्ये हे तंत्र रुजलं.

आता निर्णय. गाडी उभी असताना गळती झाली, सकाळी स्टार्ट करण्याआधीच कळली किंवा दोन-चार मिनिटांत बंद केली, तर कारण दूर करा, ऑइल आणि फिल्टर बदला, आत राहिलेलं धुऊन काढा आणि गाडी चालवा. यापेक्षा जास्त काही करायला सांगणाऱ्याकडे कारण मागा.

कॉफीवर काही दिवस गाडी फिरली असेल तर हेडचं एस्टिमेट घेण्याआधी चेंबर उतरवा. बहुतेक गाड्यांत इंजिन खाली न काढता हे होतं. आणि इथे एक चूक सर्रास होते. मेस्त्री कनेक्टिंग रॉडची खालची टोपी काढतो, तिच्यातलं शेल बघतो, ‘बेअरिंग चांगलं आहे साहेब’ म्हणतो आणि टोपी परत बसवतो. पण स्फोटाचा जोर पिस्टनला खाली ढकलतो. रॉडमध्ये मार बसतो वरच्या शेलवर आणि मेन बेअरिंगमध्ये खालच्या शेलवर. रॉड वर सरकवून वरचं शेल बाहेर काढून पाहिलं नाही तर काहीच पाहिलं नाही. लेप शाबूत, जर्नल नखाला गुळगुळीत, तर नवी शेलं घालून काम भागतं. शेलं महाग नसतात. चेंबर उतरलाच आहे तर ती बदलण्यात कंजुषी करू नये. टर्बो असेल तर त्याचा शाफ्ट हाताने हलवून पाहायचा. मिनिटाला लाखावर फेरे घेणारा तो शाफ्ट त्याच ऑइलवर तरंगतो.

ठोका वाजू लागला असेल, किंवा जर्नलवर नख अडत असेल, तर क्रँक बाहेर. ग्राइंडिंग करून पाव किंवा अर्धा मिलिमीटर अंडरसाइझ शेलं घालता येतात. मेस्त्री त्याला दहा आणि वीस म्हणतात, थाउच्या, म्हणजे हजारांश इंचाच्या, हिशोबाने. कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या वस्तीत हे काम करणारे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण नायट्रायडिंग केलेल्या काही क्रँकांचा कडक थर पातळ असतो आणि ग्राइंडिंगमध्ये तो निघून जातो. कंपनी परवानगी देते का, ते आधी पाहावं. क्रँक, शेलं, रिंगा, ऑइल पंप आणि मजुरी अशी बेरीज शॉर्ट ब्लॉकच्या जवळ जायला लागली की शॉर्ट ब्लॉक, म्हणजे हेडशिवायचं तयार इंजिन, ज्याला बाजारात हाफ इंजिनही म्हणतात, घेणं शहाणपणाचं. दहा-बारा वर्षांच्या गाडीत ही बेरीज गाडीच्या किमतीशी ताडून पाहावी लागते. भावनेला इथे जागा नाही असं मी म्हणणार नाही, पण तिची किंमत आधी लिहून काढावी.

तिसरा पर्याय जुन्या इंजिनाचा. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, आणि प्रत्येक मोठ्या शहरात असतो तशा भंगार बाजारात, अपघाती गाड्यांची इंजिनं मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण तीन गोष्टी सांभाळून. ते इंजिनही कधी कॉफीवर चाललं होतं का, हे त्याचा चेंबर उघडूनच कळतं, विकणाऱ्याच्या शब्दावरून नाही. बिल आणि मूळ गाडीचे कागद हवेतच. आणि आरसीवर इंजिन नंबर असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरटीओच्या मंजुरीने नोंदवावा लागतो. ते न केलेल्या गाडीची विक्री आणि विमा, दोन्हीकडे पुढे अडचण येते.

विम्यावर मात्र आधीपासून भिस्त ठेवू नका. नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि झीज वगळलेली असते. पॅकिंग किंवा ऑइल कूलर गेला, तर तो अपघात नव्हे. पुराच्या पाण्यात गाडी स्टार्ट करून इंजिनात पाणी ओढलं गेलं, तर त्याबद्दलचे वाद ‘इंजिन प्रोटेक्ट’ या जादा कव्हराच्या अटींवर ठरतात, आणि त्या अटी पॉलिसीगणिक वेगळ्या.

हेडचं काम करायचं ठरलं तर ते लेथवाल्याकडे जायला हवं. सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून वाक मोजतात. ५ शतांश मिलिमीटरच्या पुढे वाक गेला की बहुतेक हेडांना फेस मारावा, म्हणजे पृष्ठभाग खरवडून सपाट करावा, लागतो, आणि किती मारायचा त्यालाही कंपनीची मर्यादा असते. डिझेलमध्ये पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून पॅकिंगची जाडी निवडतात. जुनं होतं तसंच नवं, असं तिथे चालत नाही. ताणून बसवायचे हेड बोल्ट पुन्हा वापरू नयेत. आणि ब्लॉकमधली बोल्टांची आंधळी भोकं हवेने साफ करावीत. त्यात कूलंट किंवा ऑइल राहिलं आणि वरून बोल्ट आवळला, की अडकलेला द्रव दबत नाही, ब्लॉक तडकतो. चांगला चाललेला ब्लॉक पाच मिनिटांच्या घाईने फुकट जातो.

याहून छुपं नुकसान सफाईच्या चकतीने होतं. जुन्या पॅकिंगचे अवशेष काढायला ग्राइंडरवर नायलॉनची खरखरीत चकती लावली की काम झटपट होतं. पण त्या चकतीत अॅल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी असते. ती ऑइलच्या भोकांत उतरते आणि नव्या बेअरिंगांना थोड्याच काळात ओरबाडते. जनरल मोटर्सने आपल्या डीलरांना याबद्दल लेखी इशारा दिला होता. ठोका आला की सगळे म्हणतात, कूलंटनेच खाल्लं. खाल्लं असतं चकतीने.

धुण्याबद्दल मतं अनेक. चेंबरमध्ये डिझेल किंवा रॉकेल ओतून इंजिन फिरवणं मला मान्य नाही. आधीच पातळ झालेल्या थराला ते आणखी पातळ करतं. जुन्या सर्व्हिस पुस्तकांत ग्लायकॉलची घाण विरघळवायला ब्यूटाइल सेलोसॉल्व्ह आणि हलकं ऑइल निम्मं-निम्मं मिसळायला सांगत. ते चालतं, पण त्याची वाफ आणि त्वचेवरचा परिणाम पाहता आपल्या बंद गॅरेजांत त्याचा नाद नको. साधा मार्ग असा: कारण दूर झाल्यावर स्वस्त पण योग्य दर्जाचं ऑइल भरायचं, कोमट होईपर्यंत आयडलवर चालवायचं, रेस द्यायची नाही, निवण्याआधीच सोडून द्यायचं, फिल्टर बदलायचा. ऑइल स्वच्छ दिसेपर्यंत हे पुन्हा करायचं. ऑइल कूलर मात्र धुऊन पुन्हा वापरू नये. त्याच्या थरांत अडकलेली घाण निघत नाही. आणि ते सोडलेलं ऑइल गटारात नव्हे, तर वापरलेलं ऑइल घेणाऱ्याकडेच. ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात.

राहिली बाटलीतली जादू. रेडिएटरमध्ये ओतायच्या ‘लीक बंद’ द्रवांपैकी काहींमध्ये सोडियम सिलिकेट असतं. चिरेतून बाहेर पडताना उष्णतेने ते काचेसारखं घट्ट होतं आणि बारीक चीर काही काळ भरते. प्रवासात अडकलेल्याला घरी पोचवायला ठीक. पण चीर ऑइलच्या वाटेत उघडत असेल तर? त्याचं उत्तर अमेरिकन सरकारने २००९ मध्ये स्वतःच दिलं. जुन्या, जास्त इंधन पिणाऱ्या गाड्या मोडीत काढायच्या योजनेत पावणेसात लाखांच्या आसपास गाड्या जमा झाल्या. त्या पुन्हा रस्त्यावर येऊ नयेत म्हणून इंजिन मारायची सरकारी पद्धत ठरली: चेंबरमधलं ऑइल काढा, सोडियम सिलिकेटचं द्रावण ओता, मिनिटाला दोनेक हजार फेऱ्यांवर चालवा. इंजिन मिनिटांत जाम. तेच रसायन आपण एका चिरेपलीकडे ओतत असतो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवाल्यांसाठी एक ओळ. त्यांचा गिअर ऑइलचा कूलर अनेकदा रेडिएटरच्याच पोटात असतो, आणि तिथे पाणी मिसळलं तर क्लच प्लेटांवरचं कागदी अस्तर सुटतं. ते ऑइल बदलून सुधारत नाही.

काम झालं की पहिलं ऑइल पाचशे किलोमीटरच्या आसपास बदला. जुना फिल्टर करवतीने किंवा कटरने उघडून त्याचा कागद उजेडात पसरून पाहा. चकाकणारे तुकडे दिसले तर चेंबर पुन्हा उतरवायचा. नमुना प्रयोगशाळेत पाठवायची सोय असेल तर लागोपाठच्या दोन ऑइल बदलांचे पाठवा. पहिल्यात थोडं सोडियम निघणारच, ते कोपऱ्यांत राहिलेलं असतं. दुसऱ्यात ते स्पष्ट घटलं पाहिजे. घटलं नाही, किंवा वाढलं, तर गळती अजून चालू आहे: रेडिएटरला हातपंप पुन्हा लावायचा, आणि या वेळी इंजिन थंड असताना एकदा आणि गरम असताना एकदा, कारण काही चिरा तापल्यावरच उघडतात.